शेगावच्या पायदळ वारीचा शेवटचा टप्पा: दोघांनी धडधाकट पोहोचण्यासाठी

माघ महिना लागला की अमरावती, वर्धा, यवतमाळ, अगदी नागपूरकडूनही गजानन महाराजांच्या शेगावच्या दिशेने पायदळ निघालेली माणसं रस्त्यावर दिसू लागतात. त्यात नवरा-बायकोच्या जोड्याही असतात. काही दिंडीत नाव नोंदवलेल्या, काही आपल्या आपण निघालेल्या. बूट कोणते घ्यायचे, सराव किती करायचा, याबद्दल घरून निघताना दहा जण सल्ला देतात. शेवटच्या तीन दिवसांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि पाय मोडतात ते बहुतेक तेव्हाच. सहा-सात दिवसांची बारीकसारीक दुखणी साठलेली असतात, शेगाव जवळ आल्याचा उत्साह असतो आणि त्या उत्साहात चाल वाढते. मी आणि माझा नवरा ही वारी हिवाळ्यात करतो. माझं ठाम मत असं, की शेवटचा टप्पा हा वेगळा प्रवास धरून नव्याने आखावा आणि तो दोघांतल्या हळू चालणाऱ्याच्या पायांनी आखावा.

अकोल्याच्या अलीकडेच बसा आणि हिशेब मांडा

अमरावतीहून शेगाव साधारण 140 किलोमीटर पडतं. बडनेरा, मूर्तिजापूर, कुरणखेड, बोरगाव मंजू करत अकोल्यात पोहोचलात की चाळीसेक किलोमीटर उरतात. पुष्कळ जण ते दोन दिवसांत संपवतात. धडधाकट गड्याला ते जमतंही, पण जोडप्याने तीन दिवस धरावेत आणि अंतर उतरतं ठेवावं: पहिल्या दिवशी 18, दुसऱ्या दिवशी 15 आणि शेवटच्या सकाळी 7-8 किलोमीटर. सुरुवातीला तासाला साडेचार किलोमीटर चालणारी माणसंही इथवर येता येता, थांबे धरून, तीनवर आलेली असतात. म्हणजे 18 किलोमीटरला सहा तास. जानेवारीअखेर या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. सकाळी सातला निघालात तर दुपारची तासाभराची विश्रांती घेऊनही दोन-अडीचपर्यंत मुक्काम गाठता येतो आणि पायांना अख्खी संध्याकाळ मिळते.

तारखेकडेही नीट पाहा. गजानन महाराजांचा प्रकट दिन माघ वद्य सप्तमीचा. महाराज शेगावात प्रकटले त्या 1878 साली ती तिथी 23 फेब्रुवारीला होती, पण इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते: 2024 साली 3 मार्च, 2025 साली 20 फेब्रुवारी. वऱ्हाडात या दहा-बारा दिवसांचा फरक फार मोठा. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे अंगावर शाल लागते आणि दुपार सोसवते. मार्च उजाडला की अकरानंतर डांबर तापू लागतं. तिथी उशिरा असेल तर साडेसहाला, झुंजुमुंजू होताच निघा आणि अकराच्या आत दिवसाचं दोन तृतीयांश अंतर संपवा.

अकोल्यानंतर वाटा दोन. एक महामार्गाने बाळापूरला जाऊन तिथून शेगावकडे वळते, दुसरी गायगाव-निंबा फाट्यावरून जाते. गायगावला इंधनाचे डेपो असल्यामुळे त्या रस्त्यावर टँकर धावतात. बाळापूरची वाट थोडी लांबची, पण चहापाणी, दवाखाना, एसटी सगळं हाताशी असतं, शिवाय मन नदीच्या काठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. दोघांतल्या एकाचे पाय कुरकुरत असतील तर मी बाळापूरची वाट सुचवेन, कारण गरज पडली तर गाडी लगेच मिळते. अंतर वाढलं तरी दिवसाचा आकडा वाढवू नका, तेवढा अर्धा दिवस जास्त धरा.

पाय: रोज संध्याकाळी एकमेकांचे तपासायचे

जोडीने चालण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही, थकल्यावर तर बघावासाही वाटत नाही. मुक्कामाला पोहोचताच बूट-मोजे काढा, कोमट पाण्याने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मग नवऱ्याने बायकोचे आणि बायकोने नवऱ्याचे पाय बॅटरीच्या उजेडात बघा. लाजायचं काही कारण नाही. दिंडीत बघा, म्हातारी जोडपीसुद्धा सभामंडपाच्या पायरीवर बसून एकमेकांचे काटे काढताना दिसतात.

नुसता लाल पट्टा दिसला, हात लावल्यावर चुरचुरला, तर तो उद्याचा फोड आहे. त्यावर रात्री काही न लावता हवा लागू द्या आणि सकाळी निघताना कागदी चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावा. बोटांना, टाचेच्या कडेला व्हॅसलीन चोळा. फोड आलाच, पण लहान असेल, दुखत नसेल, तर त्याला हात लावू नका. टरारून फुगला असेल आणि बूट घालवत नसेल तर सुई स्पिरिटने पुसून कडेला, खालच्या बाजूने टोचा, पाणी दाबून काढा, वरची कातडी मात्र तशीच राहू द्या. तीच खरी मलमपट्टी. वर पोव्हिडोन आयोडीन, गॉज आणि पट्टी. मधुमेह असणाऱ्याने स्वतः टोचाटोची अजिबात करू नये, तळव्याची संवेदना कमी असते आणि जखम चिघळते. वारीच्या दिवसांत वाटेवर ठिकठिकाणी उपचाराचे तंबू असतात, तिथे दाखवा.

शेवटच्या दिवसांत पाय सुजतात, आठ दिवसांपूर्वी नीट बसलेला बूट आता चावतो. नाडी खालून सैल करा, आतला जाड सोल काढून पातळ घाला. नवे बूट वाटेत विकत घेऊ नका. त्यापेक्षा पट्ट्याची, पायाला सवयीची सँडल मोज्यांसकट बरी.

दुखण्यांतही फरक करायला शिका. पोटऱ्या, मांड्या भरून येणं, सकाळी पहिली दहा मिनिटं लंगडणं आणि मग मोकळं होणं, हे थकव्याचं दुखणं. ते विश्रांतीने, तेल चोळून, पाय उशीवर ठेवून झोपल्याने उतरतं. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, चालताना ती वाढत जात असेल आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता असते. अशा पायावर एक किलोमीटरही पुढे जाऊ नका. दुखण्याची गोळी खाऊन चालणं तर धोक्याचंच. गोळीने कळ दबते, इजा वाढत राहते, आणि अंगात पाणी कमी असताना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर येतो.

अनवाणी चालण्याचा नवस असेल तर सकाळचं डांबर गार असतं तोवरच चाला. रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे आणि सराटे असतात, चिमटा खिशात ठेवा.

खारपाणपट्ट्यातलं पाणी, आणि ज्याबद्दल बायका बोलत नाहीत ते

बाहेरगावच्या वारकऱ्याला ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून खारपाणपट्टा पसरलेला आहे. इथलं जमिनीतलं पाणी क्षारयुक्त. हापशाचं पाणी दिसतं स्वच्छ, पण पिऊन तहान भागत नाही आणि पोट बिघडतं. गावकरी स्वतः पिण्यासाठी नळयोजनेचं किंवा शुद्धीकरण यंत्राचं पाणी वापरतात. म्हणून हापसा दिसला की बाटली भरायची नाही. आधी विचारायचं, "भाऊ, प्यायचं पाणी कोठी भेटन?" कुणीही सांगतं, बहुतेक वेळा घरातला माठच पुढे करतं. नळ बऱ्याच गावांत रोज येत नाही, हे लक्षात ठेवून घेतलेलं पाणी जपून वापरा. दोघांत मिळून तीन लिटर पाणी सोबत हवंच.

थंडीत तहान लागत नाही, म्हणून प्यायचं राहून जातं. दर अर्ध्या तासाला चार घोट, तहान असो नसो. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय असं समजा. ओआरएसचं पाकीट किती पाण्यासाठी आहे ते वाचून तेवढ्याच पाण्यात विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

आता बायकांबद्दल. वाटेत आडोसा नाही म्हणून कितीतरी बायका पाणीच पीत नाहीत. डिसेंबरात तुरीचं पीक डोक्याएवढं उभं असतं, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चार पावलं आत गेलं की आडोसा मिळतो. माघात तूर कापून झालेली असते, पऱ्हाटीही (कपाशीची झाडं) बऱ्याच वावरांतून निघालेली असते, हरभरा गुडघ्याच्या खाली. मैलोन् मैल उघडं रान. मग बाई सकाळपासून दुपारपर्यंत कोरडी चालते आणि दोन दिवसांत लघवीची जळजळ, कणकण, पाठदुखी सुरू होते. ताप आणि थंडी वाजली तर वारी तिथेच थांबवून डॉक्टरकडे जावं लागतं.

याची जबाबदारी नवऱ्याने घ्यावी असं मला मनापासून वाटतं. आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाचे थांबे ठरवा: कोणता पेट्रोल पंप, कोणतं देऊळ, कोणत्या गावातली ओळखीची घरं. अंतर मोजायचं ते या थांब्यांमध्ये. कुठल्याही गावात बाईने दुसऱ्या बाईला विचारलं तर नाही म्हणत नाहीत. "या ना वहिनी आत" म्हणून थेट घरात घेतात. पाळी याच दिवसांत येणार असेल तर पॅड, कागदी पिशव्या आणि एक जास्तीची सुती चड्डी वरच्या कप्प्यात ठेवा. घासून मांड्या सोलवटतात, तिथे व्हॅसलीन लावा. कुणाला धार्मिक अडचण वाटत असेल तर ती दोघांनी निघण्याआधीच बोलून घ्यावी, शेगावच्या वेशीवर नव्हे.

ओझं

अकोल्यात पिशवी उलटी करा. ज्याला आठ दिवसांत हात लागला नाही ते सगळं कुरिअरने किंवा ओळखीच्या माणसासोबत घरी पाठवा. उरलेलं अर्धं-अर्धं वाटायची गरज नाही. ज्याचे पाय बरे त्याने पाणी आणि अंथरूण घ्यावं, दुसऱ्याने औषधं आणि खाऊ. मात्र पैसे, आधार कार्ड आणि फोन दोघांकडे वेगवेगळे हवेत.

दोघांची चाल

हळू चालणारा पुढे, वेगाने चालणारा मागे. एवढा एक नियम पाळला तर निम्मी भांडणं होतच नाहीत. पुढचा जोरात असला की तो शंभर पावलं जाऊन थांबतो, मागचा गाठतो तेव्हा त्याची विश्रांती झालेली असते, तो लगेच निघतो आणि मागच्याला दम घ्यायला मिळतच नाही. असं दिवसभर चाललं तर मागचा माणूस शरीराने थकतो त्याहून जास्त मनाने खचतो.

बोलणंही शेवटी शेवटी कमी होतं. "बरं आहे ना?" विचारलं की "हो" एवढंच उत्तर येतं, आणि त्या "हो"मधून काहीच कळत नाही. आम्ही आकडा सांगतो. दुखणं दहापैकी किती? चारपर्यंत चालत राहायचं, पाच म्हटलं की पुढच्या सावलीत बूट काढायचे, सात म्हटलं की त्या दिवसाचं चालणं संपलं. आकडा सांगायला लाज वाटत नाही आणि ऐकणाऱ्याला वाद घालता येत नाही.

दुपारी दोनच्या सुमारास, पोटात काही नसताना, कोणताही निर्णय घेऊ नका. रस्ता चुकला, मुक्काम बदलायचा, कुणाचं काय चुकलं, सगळं नंतर. आधी गूळ-शेंगदाणे, दोन संत्री, पाणी, आणि दहा मिनिटं पाय वर करून पडणं. त्यानंतर तोच प्रश्न बराच लहान वाटतो.

सगळ्यात अवघड प्रश्न आधीच सोडवून ठेवा: दोघांतल्या एकाला चालणं अशक्य झालं तर काय? नवस बोललेला असतो, त्यामुळे दुखत असूनही माणूस सांगत नाही. बायका तर नवऱ्याची वारी आपल्यामुळे अडू नये म्हणून लंगडत राहतात, आणि नवरे "काही नाही, होते चालणं" म्हणत. अकोल्याला बसून स्पष्ट ठरवा. माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग असा: ज्याचे पाय गेले त्याने एसटीने पुढच्या मुक्कामी जावं, तिथे एक दिवस पाय वर करून झोपावं, दुसऱ्याने दिंडीसोबत तो टप्पा चालावा, आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर, जमलं तर, दोघांनी मिळून सावकाश चालावेत. जिथे हाडाच्या दुखण्याची शंका आहे तिथे मात्र तेवढंही नको. वाटेवरचे जुने वारकरी यात कमीपणा मानत नाहीत. "महाराजाले पाय मोडून आलेला भक्त नाही पाह्यजे जी," असं एका आजींनी बाळापूरच्या वाटेवर माझ्या हातात भाकर देत सांगितलं होतं, आणि मला ते पटलेलं आहे.

खाणं

शेगाव जसजसं जवळ येतं तसं अन्नदान वाढत जातं. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, बुंदी, आलुबोंडे, सगळं प्रेमाने आणि आग्रहाने. तुपात भिजवलेले तीन रोडगे खाऊन लगेच दहा किलोमीटर चालवत नाही. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. दुपारी हलकं, म्हणजे पोहे, मुरमुरे, फळं. पोटभर जेवण संध्याकाळी मुक्कामाला. ज्वारीची भाकर, झुणका आणि अंबाडीची भाजी यासारखं चालणाऱ्याला मानवणारं जेवण नाही, महाराजांना नैवेद्यही त्याचाच. ठेचा मात्र जपून, पोट बिघडण्याचे हे दिवस नव्हेत. कच्ची कोथिंबीर घातलेले पदार्थ आणि उघड्यावरचा उसाचा रस मी शेवटच्या तीन दिवसांत टाळते.

रात्रीचा मुक्काम

विदर्भाचं नाव उन्हाळ्यासाठी गाजलेलं असलं तरी इथली थंडी हलक्यात घेऊ नका. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. माघात एवढं उतरत नाही, तरी उघड्या सभामंडपाची फरशी पहाटे तीननंतर अंगातली ऊब ओढून घेते. पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचं. दोन सतरंज्या असतील तर दोन्ही खाली घाला, दोघांनी एकच जाड गोधडी वर घ्या. गावात कुटाराची (मळणीनंतरच्या भुशाची) पोती किंवा जाड पुठ्ठे मागितले तर मिळतात. झोपायचे मोजे वेगळे, कोरडे. शेकोटीजवळ पाय शेकत झोपू नका, सुजलेल्या पायाला भाजलेलं उशिरा कळतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायचं तर सरपंच, पोलीस पाटील किंवा मुख्याध्यापक यांपैकी कुणाची परवानगी दिवसाउजेडी घ्या. सकाळी निघताना जागा झाडून निघा. 1876 साली जवळच्याच शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांचा हा मुलूख आहे, इथे वारकऱ्याच्या हातात झाडू शोभतो.

रस्त्यावरचे धोके

अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. गाड्यांना तो रस्ता उत्तम आहे, म्हणूनच त्या भरधाव येतात. चौपदरी रस्त्यावर सर्व्हिस रोड असेल तिथे तोच धरा. दुपदरी रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं, एकामागे एक चाला. हातात हात घालून बरोबरीने चालणं पांधण रस्त्यावर, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेवर ठीक. कापूस आणि कुटार भरलेल्या गाड्यांचा भार बाहेर लोंबत असतो, ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. पिशवीला चमकणारी पट्टी लावा आणि अंधारात चालू नका.

जवळची वाट म्हणून संध्याकाळनंतर वावरांतून जायचं नाही, हे मी हात जोडून सांगते. रोही (नीलगायी) आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला धुऱ्यावर तारा ओढलेल्या असतात. झटका मशीनचा, म्हणजे बॅटरीवरच्या कुंपणाचा क्षणिक धक्का वेगळा, पण काही ठिकाणी थेट विजेचा प्रवाह सोडलेला असतो आणि त्यात माणसं दगावतात. थंडीतही घोणस बांधाच्या गवतात, पालापाचोळ्यात असते. आडोशाला जाताना बॅटरी आणि काठी हवी. रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112.

फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आणि गारपीट इथे नवी नाही. ढग गडगडले की झाडाखाली थांबू नका, पक्क्या छताखाली जा. पावसानंतर काळ्या मातीची पांधण विसरा. चिखल बुटाला थरावर थर चढत जातो, पाय उचलवत नाही आणि घोटा मुरगळतो. पाऊस पडला तर डांबरी रस्त्यानेच, मग तो कितीही लांबचा असो.

शेवटची सकाळ आणि त्यानंतर

आदला मुक्काम नागझरीच्या आसपास करा. गोमाजी महाराजांचं हे ठिकाण शेगावच्या अगदी अलीकडे आहे. इथून निघताना जुनेच, धुतलेले मोजे घाला. चाल मुद्दाम कमी ठेवा, कारण "गण गण गणात बोते"च्या गजरात पाय आपोआप जोर धरतात.

चालून आल्यावर सगळ्यात जास्त त्रास होतो तो उभं राहण्याचा. प्रकट दिनाला आणि गुरुवारी दर्शनाची रांग लांब असते, तासन् तास. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात, उभं राहिल्यावर ते पायात साचतं, घोटे सुजतात, भोवळ येते. आंघोळ, हलकं खाणं आणि दोन तास आडवं पडणं झाल्यावरच रांगेत लागा. रांगेत टाचा वर-खाली करत राहा, बोटं हलवत राहा. गर्दी फार असेल तर त्या दिवशी कळसाचं दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे आत जा. संस्थानाच्या भक्तनिवासात या दिवसांत जागा मिळणं कठीण, राहण्याची दुसरी सोय आधीच करून ठेवा.

परतीचं तिकीट पोहोचल्या दिवसाचं काढू नका. शेगाव मुंबई-हावडा मार्गावर आहे, गाड्या बऱ्याच आहेत, एक रात्र थांबून निघालात तरी चालतं. गाडीत दर तासाला उठून डब्यात दोन फेऱ्या मारा, पाणी पीत राहा. घरी आल्यावर पहिले चार-पाच दिवस रोज वीस मिनिटं सावकाश चाला, एकदम गादीवर पडून राहू नका. काळी पडलेली नखं ओढू नका, ती आपोआप सुटतात. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर दोन-तीन दिवसांत उतरतात. एकाच पोटरीला सूज, लाली आणि दाबल्यावर कळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट न पाहता थेट रुग्णालयात.